वाडी पुन्हा उभी करताना

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि मुरुड परिसरातील नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सरकारने फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर केले. इथली वाडी मात्र गुंठ्यांत मोजतात. गुंठ्याला हिशेब आला जेमतेम 500 रुपये. पडलेली पोफळ, म्हणजे सुपारीचे झाड, तोडून बाहेर काढायची मजुरीही त्यात सुटणे कठीण. ओरड झाल्यावर निकष बदलून झाडागणिक मदत ठरली.

पोफळीचे नवे रोप फळ धरायला पाच-सात वर्षे घेते. तोवर घर चालवायचे कशावर, हा खरा प्रश्न. वाचलेल्या पोफळींवर मिरीचा वेल चढवणे, सावलीत जायफळ लावणे, मागची खोली पर्यटकांना देणे, या वाटा बागायतदाराच्या हातातल्या आहेत आणि त्या त्यानेच धरायला हव्यात. पण पावसाळ्यात राजपुरीहून जंजिरा किल्ल्याला जाणाऱ्या होड्या बंद असतात. त्यामुळे पर्यटन बारमाही पुरत नाही. म्हणून स्वावलंबनाचा सल्ला देणाऱ्या सरकारने रोपे आणि झाडागणिक भरपाई पुढच्या वादळात पहिल्याच दिवशी द्यावी.