रिसॉर्टची मेंबरशिप आणि कष्टाचा पैसा



रिसॉर्ट म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना वाटते, हा विषय आपला नव्हे. आपला प्रवास म्हणजे दीक्षाभूमी, चैत्यभूमी, अजिंठा, आणि जमले तर आयुष्यात एकदा बुद्धगया. थंड हवेच्या ठिकाणी दरवर्षी सात दिवस राहण्याचा हक्क आधीच पैसे भरून विकत घ्यायचा, याला टाईमशेअर म्हणतात. त्याच्याशी खामगावच्या हमालाचा किंवा लोणारच्या शेतमजूर बाईचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो फार महागात पडलेला संबंध आहे. मुंबईच्या 'पॅनकार्ड क्लब्स' या कंपनीचे नाव अनेकांच्या कानावर असेल. आयकराच्या पॅनकार्डाशी या नावाचा काही संबंध नाही. ही कंपनी हॉटेलात राहण्याच्या 'रात्री' विकत असे. पैसे भरा, मेंबर व्हा, राहायला जायचे नसेल तर मुदतीनंतर वाढीव रक्कम घ्या, अशी ती योजना. कागदावर सहल, पण घरोघरी ती विकली गेली बचत म्हणून. सेबी या सरकारी नियामक संस्थेने २९ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश दिला, की हे टाईमशेअर नसून नोंदणी न केलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे. लोकांचे पैसे परत करा. रक्कम होती सुमारे ७,०३५ कोटी रुपये आणि पैसे भरणारे होते ५० लाखांवर! एवढे लोक सहलीला निघालेले श्रीमंत असतील काय? २०१७ मध्ये रोखे अपिलीय न्यायाधिकरणाने कंपनीचे अपील फेटाळले. २०२२ मध्ये कंपनीची दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. त्याआधी २०१५ मध्ये 'रॉयल ट्विंकल स्टार क्लब' या कंपनीवरही सेबीने अशाच कारणासाठी असाच आदेश काढला होता. आदेश निघाला म्हणजे पैसे हातात पडले असे मात्र होत नाही.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे: पावती हातात घेताना स्वतःला एकच प्रश्न विचारा. आपण राहण्यासाठी पैसे देतो आहोत, की वाढवून परत घेण्यासाठी? या उत्तरावर पुढचा कायदा ठरतो.

वाढवून परत मिळतील म्हणून पैसे दिले असतील तर ती ठेव आहे, मग पावतीवर हॉटेलचे चित्र असो की सागवानाच्या झाडाचे. महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा, ज्याला सारे एमपीआयडी म्हणतात, तो या कामी येतो. पैसे रोखीत परत करायचे असोत, वस्तूच्या रूपात असोत की एखाद्या सेवेच्या रूपात, या कायद्याने ती ठेवच. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे करावी. कंपनीची आणि चालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटण्याची तरतूद या कायद्यात आहे. जी कंपनी दिवाळखोरीत गेली, तिच्याकडे आपला दावा रीतसर दाखल झाला आहे की नाही, हेही तपासावे. मूळ पावती कोणाच्याही हाती देऊ नये, झेरॉक्स द्यावी.

राहण्यासाठीच मेंबरशिप घेतली असेल तर रस्ता वेगळा. आपली शिकलेली मुले आज पुण्या-नाशिकला कंपनीत लागली आहेत. त्यांना फोन येतो, तुमचा लकी ड्रॉ लागला, नवरा-बायको दोघे मिळून हॉटेलात या आणि भेटवस्तू घेऊन जा. तिथे तीन तास बसवून ठेवतात, आजच सही केली तर सूट म्हणतात, आणि लाखाचा आकडा हप्त्यांत पाडून दाखवतात. तोंडी सांगितलेले करारात नसते. करारात असते ते दरवर्षीचे देखभाल शुल्क, जे गेलो नाही तरी भरावे लागते. दिवाळीत, मे महिन्यात खोली मागितली की शिल्लक नाही असे उत्तर मिळते.

युरोपात अशा करारानंतर १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि त्या मुदतीत ग्राहकाकडून पैसे घेण्यास बंदी आहे. आपल्या देशात टाईमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदाच नाही. म्हणून सही करण्याआधी साधा हिशोब विचारा. खोल्या १०० असतील तर वर्षाच्या रात्री होतात ३६,५००. मेंबर १०,००० असतील आणि प्रत्येकाला सात रात्री कबूल केल्या असतील तर लागतील ७०,०००. उरलेले कुठे झोपणार? जो या प्रश्नाचे उत्तर लेखी देत नाही, त्याला आपली सही देऊ नये.

सही होऊन गेली असेल तरी हातपाय गाळू नका. त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात, मेंबरशिप रद्द करून पैसे परत मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. बँकेचे कर्ज काढून दिले असेल तर बँकेलाही लेखी कळवा. हप्ते परस्पर बंद केले तर नवे दुखणे मागे लागते. दाद मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. कंपनी मुंबईची असो की चेन्नईची, आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. बुलडाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याची प्रकरणे चालतात. पाच लाखांपर्यंत फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती विसरू नका. १९१५ या क्रमांकावर फोन करून आधी सल्लाही घेता येतो.

आणखी एक हक्क आपल्या लोकांना फारसा ठाऊक नसतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने आपण बौद्धही त्यात आलो. जातीचा दाखला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. हा कोणाचा उपकार नाही.

तथागतांनी दीघजाणू या गृहस्थाला संसारी माणसाच्या सुखासाठी चार गोष्टी सांगितल्या. उद्योगाने कमवणे, कमावलेले राखणे, चांगल्यांची संगत आणि बेताचा खर्च. आपले लोक पहिल्या गोष्टीत कुठेच कमी नाहीत. मार बसतो तो दुसऱ्या गोष्टीत. राखणे म्हणजे पेटीत कुलूप लावून ठेवणे एवढेच नव्हे. कोणाच्या हाती, कोणत्या कागदावर देतो हे पाहणे, हेही राखणेच.

तिसऱ्या गोष्टीबद्दल थोडे कडू बोलणे भाग आहे. या योजना आणणारा एजंट बहुधा परका नसतो. तो आपल्याच वस्तीतला, आपल्याच विहारात वंदनेला बसणारा, नोकरी न मिळालेला पोरगा असतो. वरच्यांनी त्याला कमिशन दाखवले. त्याने आपल्याच मावशी-काकूंचे पैसे नेले. कंपनी बुडाली की लोक त्याच्या दारात उभे राहतात आणि वरचे साहेब नजरेआड होतात. त्या पोरालाही आम्ही सांगतो, तोंड लपवू नको. तुझ्याजवळची वही, याद्या, पावत्या घेऊन तक्रारदारांच्या सोबत पोलिसांकडे चल. आणि वस्तीला सांगतो, भांडण दारापुढे नको, ते अर्जावर लिहा. दहा जणांनी मिळून, एका तारखेचे अर्ज द्या. एकट्या बाईला उद्या या म्हणता येते, दहा जणांना म्हणणे अवघड जाते.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास यासाठी ठेवा. ज्यांच्या घरी अशा पावत्या असतील त्यांनी त्या घेऊन यावे. ज्यांना वाचता येते त्यांनी, वाचता येत नसलेल्यांना, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवावी.

जयभीम!