मोबाइल गप्प बसवण्यासाठी की बोलण्यासाठी?

सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात हल्ली एक दृश्य वारंवार दिसते. तीन-चार वर्षांचे मूल बाकावर मोबाइलमध्ये डोके घालून बसलेले असते. हाक मारली तरी मान वर करत नाही. काही हवे असेल तर आईचा हात धरून ओढत नेते, पण शब्द येत नाही. ‘मोबाइल दिला की शांत बसतो, काढून घेतला की आकांत करतो,’ असे पालक सांगतात. तपासणीनंतर स्वमग्नता म्हणजेच ऑटिझमचे निदान होते आणि पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे मोबाइलमुळे झाले का?

मोबाइलमुळे स्वमग्नता होते, असे सिद्ध झालेले नाही. लसींमुळे तर ती नक्कीच होत नाही. ही मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणाची अवस्था आहे आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ व्यक्तींमागे एक जण स्वमग्न होता. मात्र पडद्यासमोर गेलेला वेळ हा माणसांशी बोलण्या-खेळण्याच्या वेळेतून वजा होतो. म्हणूनच दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको आणि दोन ते पाच वयात दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणे आहे.

गंमत अशी, की मुलाला गप्प बसवणारा हाच मोबाइल त्याचा आवाजही होऊ शकतो. त्यासाठी ही मुले शिकतात कशी, हे आधी समजून घ्यायला हवे.

अनेक स्वमग्न मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले लवकर कळते. ‘ऊठ, दात घास, कपडे घाल, दप्तर घे’ असे एका दमात सांगितले तर शब्द हवेत विरून जातात. त्याच चार कामांची चित्रे भिंतीवर क्रमाने लावली, तर ती जागेवर राहतात. पुढे काय होणार हे कळले की मुलाची घालमेल कमी होते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७० च्या दशकात विकसित झालेली ‘टीच’ पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. १९८५ मध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रकार्डांची पद्धत मांडली. तिच्यात मूल हव्या असलेल्या वस्तूचे चित्र समोरच्याच्या हातात देते आणि ती वस्तू मिळवते. ‘मी सांगितले आणि समोरच्याला कळले’ हा अनुभव येथे सर्वांत महत्त्वाचा.

मात्र एकाला लागू पडलेले दुसऱ्याला पडेलच असे नाही. आगगाडीचे वेड असलेल्या मुलाला डबे मोजत बेरीज शिकवता येते. शाळेची घंटा वाजताच कानांवर हात ठेवणाऱ्या मुलाला आधी घंटेपासून दूर बसवावे लागते. मुलाची आवड, भीती आणि सध्याची कुवत पाहूनच त्याचा अभ्यास आखावा लागतो.

तंत्रज्ञान येथे कामी येते. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’ हे अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीतही चालते. चित्रावर बोट ठेवले की शब्द ऐकू येतो. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ हे अ‍ॅपही याच प्रकारचे. ‘अ‍ॅपच बोलू लागले तर मूल कशाला बोलेल?’ अशी भीती पालकांना वाटते. आजवरच्या संशोधनाच्या आढाव्यांनुसार अशा साधनांमुळे बोलणे मागे पडत नाही. काही मुलांचे तर थोडे वाढते.

पण अ‍ॅप उतरवून मोबाइल हातात दिला, एवढ्याने काही होत नाही. मोठ्यांनी स्वतः बोलताना चित्रावर बोट ठेवायचे, ‘पाणी’ म्हणायचे आणि मग थांबायचे. हे थांबणेच घरच्यांना सर्वांत अवघड जाते. कार्टून आणि बोलण्याचे अ‍ॅप एकाच फोनवर असेल, तर मूल कार्टूनकडेच वळणार. शक्य असेल तर घरातला जुना फोन फक्त बोलण्यासाठी ठेवावा.

पालकांना हे शिकवण्यासाठी दरवेळी तज्ज्ञच हवा, असेही नाही. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे दोन ते नऊ वर्षे वयाच्या ६५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालक आणि मुलाच्या खेळाचे चित्रीकरण केले आणि तेच पालकांना दाखवत चर्चा केली. सहा महिन्यांत अशा १२ बैठका झाल्या. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून संवाद अधिक सुरू करू लागली. अभ्यास लहान होता आणि प्रत्येक मोजमापात सुधारणा दिसली नाही. तरी दिशा स्पष्ट आहे: कॅमेरा साधाच होता, बदल घडला तो पालकांच्या वागण्यात.

आपले धोरण मात्र अनेकदा उलटे चालते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत मुले तपासतात. शिक्षकांना प्राथमिक चाळणी करता यावी म्हणून एनसीईआरटीने ‘प्रशस्त’ अ‍ॅप आणले. पण चाळणीत सापडलेल्या मुलाला शिकवणार कोण? प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण केंद्र सरकारने २०२२ मध्येच अधिसूचित केले. तरीही मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले, की पदे अधिसूचित करा आणि नियमित भरती करा. टॅब्लेट खरेदी करणे सोपे असते. वाटपाचा फोटोही निघतो. शिक्षक नेमून त्याला टिकवणे अवघड असते.

पालकांनी वाट पाहू नये. दीड वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून वस्तू दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द हरवले असतील, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीवर विसंबू नये. जिल्ह्यातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी करून घ्यावी. घरात चित्रांचा तक्ता लावायला मात्र कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. तो आजच लावता येतो.