विश्लेषण : बीकॉम, बीएएफ की बीएमएस? गुंतवणूक क्षेत्रासाठी कोणती पदवी घ्यावी?

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की घरोघरी हा प्रश्न येतो. म्युच्युअल फंड, इक्विटी रिसर्चमध्ये जायचे, तर साधे बीकॉम पुरेल की जास्त फी भरून बीएएफ, बीएमएस करावे?

नियम काय सांगतो?

म्युच्युअल फंड वितरक किंवा रिसर्च अॅनालिस्ट म्हणून काम करायचे, तर ‘सेबी’ने उभारलेल्या ‘एनआयएसएम’ची परीक्षा द्यावी लागते. बीएएफ, बीएमएस केले म्हणून त्यातून सुटका नाही.

फरक प्रवेशात आहे. २०२४पासून राज्यात बीएमएस, बीबीएसाठी सीईटी लागू झाली. काही कॉलेजांनी कोर्सचे नावच बदलून वाट काढली, म्हणून नावापेक्षा विषय तपासलेले बरे.

चूक कुठे होते?

बहुतेकदा अकरावीत. गणित सोडून एसपी घेतले की टक्के वाढतात, पण पुढे बीएस्सी स्टॅटिस्टिक्ससारखे पर्याय हातचे जातात. बॉण्डची किंमत, रिस्क, व्हॅल्युएशन हे सगळे तर गणितावरच उभे आहे.

सीएफएचे काय?

ती पदवी नव्हे. तीन लेव्हल असतात आणि पदवी पूर्ण व्हायला २३ महिने उरले असतानाही पहिली देता येते. म्हणजे बीकॉम करता करता. चार्टरसाठी मात्र किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा अनुभव लागतो. फी डॉलरमध्ये असते. सगळी शिल्लक पदवीच्या फीवर संपली, तर इथे कर्ज काढावे लागते.