जुलाबात पाणी तोडू नये
तान्ह्या मुलाला जुलाब लागताच पाणी आणि अंगावरचे दूध तोडण्याची जी रीत अनेक घरांत अजून टिकून आहे, ती घातक आहे, कारण जुलाबात मूल दगावते ते मुख्यतः शुष्कतेने, म्हणजे शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने घटल्याने. आतड्यात साखर मिठातील सोडियमला सोबत घेऊन शोषली जाते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही. याच तत्त्वावरील जलसंजीवनीने, म्हणजे साखर-मीठ-पाण्याच्या द्रावणाने, डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावला आलेल्या बांगलादेश युद्धाच्या निर्वासितांमधील असंख्य पटकीग्रस्तांना वाचवले. मुलाचे डोळे खोल गेले, पोटावर चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसू लागली किंवा ते पिईनासे झाले, तर तडक रुग्णालय गाठावे. एरवी जलसंजीवनी वाटी-चमच्याने थोडी थोडी पाजावी, स्तनपान चालू ठेवावे आणि डॉक्टरांनी दिलेला झिंकच्या गोळ्यांचा १४ दिवसांचा क्रम जुलाब थांबले तरी पूर्ण करावा.