कापूस आमचा, कोयता आमचा, मग कापड कोणाचे?



ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट सांगतो. दुसऱ्या पाळीला आत शिरताना गेटाशी मॅनेजरसाहेबांनी आम्हां सगळ्यांना थांबवले. म्हणाले, "सरकारने परदेशी कापसावरची ११ टक्के जकात उठवली. आता रुई स्वस्त होईल, गिरणी जोमात चालेल, तुमची नोकरी पक्की झाली म्हणून समजा." चारचौघांनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोलू, मीही वाजवली. त्याच रात्री जेवणाच्या सुट्टीत गेवराई तालुक्यातून आमच्या अण्णांचा फोन. "बातमी ऐकली का रे? आवंदा आपल्या कापसाला कोण विचारतंय आता?" रानात तीन एकर पऱ्हाटी उभी. मी काय सांगणार? चार तासांपूर्वी ज्या बातमीवर लेकाने टाळी वाजवली, तिच्यापायी बाप कपाळाला हात लावून बसला होता.

आपल्यापैकी किती जणांच्या घरी असेच झाले असेल! मराठवाड्यातून आलेला गिरणी कामगार म्हणजे एक पाय खात्यात नि एक पाय काळ्या रानात. मालक आपल्याला सांगतो की शेतकऱ्याने भाव मागितला तर तुमची पाळी बंद पडेल. पुढारी शेतकऱ्याला सांगतो की गिरणीवाल्यांनी तुझा भाव पाडला. बाप नि लेक एकमेकांकडे बोट दाखवीत बसतात, आणि तिसराच माणूस गाठी मोजून घेऊन जातो.

ही जकात काय भानगड आहे ते साध्या भाषेत पाहू. फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकात परदेशी कापसावर ही जकात बसली, सगळे कर धरून ११ टक्के. २०२२ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर ती उठवली होती. मग २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने हिंदुस्थानच्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. तिकडे तमिळनाडूत तिरुपूरला बनियन, टीशर्ट शिवणारे हजारो कारखाने. त्यांच्या परदेशी ऑर्डरींना धक्का बसला. कापड धंद्याला दिलासा हवा म्हणून दिल्लीने १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरची जकात पुन्हा उठवली. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे नेमकी केव्हा? आपल्याकडे वेचणी सुरू होऊन कापूस घरात येतो तेव्हाच! वॉशिंग्टनला एक कागद फिरला आणि त्याचा वारा गेवराईच्या रानात लागला. परदेशाशी व्यापार म्हणजे आपल्याला काय त्याचे, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे.

आता मॅनेजरसाहेबांचे म्हणणे खरे होते काय? अर्धे खरे. सुताच्या खर्चात निम्म्याहून जास्त खर्च एकट्या रुईचा असतो, हे कोणताही जॉबर सांगेल. २०२२ च्या उन्हाळ्यात रुईची ३५६ किलोची खंडी लाख रुपयांवर गेली, तेव्हा आमच्या गिरणीत तिसरी पाळी बंद केली आणि बदल्या सगळ्या घरी बसवल्या. माझ्या शेजारच्या साच्यावरचा साईडर दोन महिने वीटभट्टीवर गेला. हे झाले खरे. पण पुढे तीच रुई निम्म्याजवळ उतरली, तेव्हा पगारात किती भर पडली? एक दमडी नाही. महाग झाली की आमची पाळी जाते, स्वस्त झाली की नफा वर जातो. हा कोठला हिशेब?

आणि अण्णांचे काय झाले ते ऐका. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पावसाने कहर केला, सिंदफणेचे पाणी रानारानात शिरले. बोंडे झाडावरच काळी पडली. उरलेला कापूस वेचला. त्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल, मध्यम धाग्याला ७,७१०. पण कापूस महामंडळाच्या खरेदीला आधी मोबाइलवर नोंदणी, मग ओलाव्याचे माप. आठ टक्के ओलावा असेल तर पुरा भाव, बारापर्यंत कापून भाव, बाराच्या वर गेला की गाडी परत. पावसात भिजलेला कापूस बारात कसा बसावा? अण्णांनी व्यापाऱ्याला घातला. त्याने काय भाव दिला ते इथे छापायची लाज वाटते. व्यापारी वर सुनावतो, "मालक, आता बाहेरूनच कापूस यायला लागलाय." जकात उठवल्याने भाव किती पडला आणि ओलाव्याने किती, ते मोजायची अक्कल माझ्यापाशी नाही. पण व्यापाऱ्याला सांगायला एक कारण मिळाले, एवढे खास.

कुणी म्हणेल, हा गडी परदेशी व्यापाराच्या विरुद्ध आहे. मुळीच नाही! आपले सूत, आपले कापड जगात विकले गेले पाहिजे. २४ जुलै २०२५ ला इंग्लंडशी करार झाला, त्यात आपल्या कपड्यावरची त्यांची जकात शून्यावर आणायचे ठरले. चांगली गोष्ट आहे. पण ऑर्डर कोणाला मिळणार? जिथे शिलाई आहे त्याला. तिरुपूरला मिळेल, सुरतेला मिळेल. बीड जिल्ह्यात काय आहे? जिनिंग आहे. गेवराई, माजलगाव, धारूर, वडवणी, कुठेही जा, दिवाळीपासून चार-पाच महिने जिन धडधडते. क्विंटलभर कापसातून पस्तीस किलोच्या आसपास रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईची १७० किलोची गाठ बांधली, ट्रकमध्ये टाकली, की ती गुजरात नाहीतर तमिळनाडूच्या रस्त्याला लागते. जिनवर कामाला माणसे थोडी, तीही हंगामापुरती. त्याच रुईचे सूत होते तेव्हा जास्त हात लागतात, कापड होते तेव्हा त्याहून जास्त, आणि शिलाईला तर सगळ्यांत जास्त, त्यातही बायांचे. म्हणजे जिथे हाताला काम नाही तिथून माल निघतो, आणि काम मात्र मालाबरोबर ट्रकमध्ये बसून जाते!

हे माझ्यासारखा चौथी शिकलेला सांगतो म्हणून खोटे मानू नका. महाराष्ट्र सरकारने स्वतःच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात काय लिहिले आहे? राज्यात कापसावर होणारी प्रक्रिया ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेऊ, २५ हजार कोटींची गुंतवणूक आणू, ५ लाख लोकांना रोजगार देऊ. याचा सरळ अर्थ असा की पाच वर्षांची मुदत घातली तेव्हा दहातल्या सात गाठी राज्यात सूत न होताच बाहेर जात होत्या. धोरणात मराठवाड्याला दुसऱ्या झोनमध्ये घातले आहे. झोनला आमची हरकत नाही, पण झोनमध्ये चात्या फिरत नसतात. माझ्या चुलत्याने एका सहकारी सूतगिरणीचा शेअर घेतला होता. बोर्ड लागला, नारळ फुटला, भिंती कमरेएवढ्या आल्या. आज तिथे बाभळी आहेत, आणि शेअरचा कागद चुलतीच्या ट्रंकेत आहे.

आता एक जुनी गोष्ट, कारण तिच्याशिवाय आजची कळायची नाही. निजामाच्या हैदराबाद राज्यात तीन भावंडे नांदत होती: तेलंगण, कर्नाटकाचा भाग आणि आपला मराठवाडा. वरंगळला आझमजाही मिल, गुलबर्ग्याला महबूबशाही मिल, नांदेडला उस्मानशाही मिल. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेप्रमाणे राज्ये झाली आणि तिघे तीन घरी गेले. मराठवाडा कोणतीही अट न घालता मराठी भावांकडे आला. पुढे तिन्ही गिरण्या बंद पडल्या, तिथवर तिघांचे नशीब सारखेच. पण २०२३ मध्ये केंद्राने देशात सात मोठ्या वस्त्रोद्योग पार्कांची यादी काढली. त्यात वरंगळ आहे. त्यात गुलबर्गा, म्हणजे आताचे कलबुर्गी, आहे. महाराष्ट्राचा पार्क अमरावतीला गेला. गेला तर गेला, विदर्भाचा शेतकरीही आपलाच, त्याच्या ताटातले ओढायचे नाही. पण वरंगळला दक्षिण कोरियाची यंगवन कंपनी कपडे शिवायला आली, आणि नांदेड, परभणी, बीडने काय पाप केले होते? कलबुर्गीच्या भागाला तर २०१२ मध्ये घटनेत ३७१-जे कलम घालून नोकरीत, शिक्षणात राखीव वाटा मिळाला.

आपल्यालाही कलम होते, बरे का! दांडेकर समितीने १९८४ मध्ये मराठवाड्याचा अनुशेष मोजला, ७५० कोटी ८५ लाख. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, आणि त्यासाठी ना मोर्चा निघाला, ना गिरणीचा भोंगा थांबला. यात दोष एकट्या सरकारचा नाही, आपलाही आहे.

सीमाभागाच्या सभेत बीडचे रडगाणे कशाला, असे एका कार्यकर्त्याने मला विचारले. मी म्हटले, बेळगाव-निपाणीचा मराठी कामगार उद्या तोंडावर विचारील, "तुमच्या राज्यात आल्यावर आमच्या पोरांना काम मिळेल ना? मराठवाड्याला साठ वर्षांत काय मिळाले?" तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचे ते आत्ताच ठरवून ठेवा. १०५ हुतात्म्यांत गिरणी कामगार होते. त्यांनी नुसत्या पाट्या मराठी व्हाव्यात म्हणून छातीवर गोळी घेतली नाही.

बीडची माणसे आळशी आहेत काय? दसरा झाला की गावेच्या गावे रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसाला कोयता म्हणून मोजणारा धंदा दुसरा कुठे असेल तर सांगा. पश्चिम महाराष्ट्राचा ऊस आमच्या जिल्ह्याने तोडला, कर्नाटकातही तोडला. खाडा झाला की दंड, म्हणून बायांनी काय सोसले ते २०१९ मध्ये सरकारी पाहणीत उघड झाले: ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. माझी मोठी बहीण कोयत्यावर जाते. तिने एकदा आमची गिरणी पाहिली, साच्यांवर पोरी उभ्या होत्या. म्हणाली, "इथं सावली हाय, नळाला पाणी हाय. असं आपल्या गावाकडं का नाही रं?" तिला उत्तर द्यायला माझ्याजवळ वस्त्रोद्योग धोरणाचा कागद होता, दुसरे काही नव्हते.

बीड शहरात आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिदिनी. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला होता. गावातले म्हातारे इंजिनाला हार घालायला गेले. मलाही आनंद झाला. पण मालगाडी लागेल तेव्हा तिच्यात काय भरणार? रुईच्या गाठी आणि कोयत्याची माणसे भरायची असतील, तर लूट पूर्वी ट्रकने जात होती, आता रुळावरून जाईल एवढाच फरक.

म्हणून आमच्या खात्यातल्या पोरांनी एक निवेदन लिहिले आहे. जकात उठवायची तर वेचणीच्या हंगामात उठवू नये. परदेशी स्वस्त रुई घेणाऱ्या गिरणीने कामगाराच्या पगारवाढीचा करार आधी करावा. बीड-परळीच्या रुळालगत सूत, विणकाम आणि शिलाई एकत्र असलेला पार्क हवा, त्यात कोयत्यावरच्या बायांना पहिली भरती. विकास मंडळ पुन्हा बसवावे आणि त्यात कामगाराचा माणूस असावा. पुढाऱ्याला वेळ नसेल तर आम्ही मुंबईला घेऊन जाऊ. सह्यांचा कागद सभेच्या फाटकाशी, पुस्तिकांच्या टेबलावर आहे. सही येत नसेल तर अंगठा चालेल; पहिला अंगठा अण्णांचा आहे.