नकाशा परका, बुडणारा आपला

जानेवारी २०२१ मधील एका मध्यरात्री अकोले तालुक्यात एक मोटार थेट पाण्यात गेली. पुण्याहून कळसूबाईकडे निघालेले तिघे तीत होते. भ्रमणध्वनीवरील गूगलचा नकाशा ज्या रस्त्याने नेत होता, त्या रस्त्यावरील कोतूळजवळचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्यात बुडालेला होता. दोघे कसेबसे बाहेर आले. चालक मात्र गेला. ‘नकाशाने घात केला’ असे मथळे दोन दिवस गाजले, आणि मग सारे शांत झाले.

घात खरोखर कोणी केला, हा प्रश्न त्या मथळ्यांखाली बुडून गेला. तो पूल त्या रात्री अचानक बुडालेला नव्हता. धरणात पाणी साठले की तो पाण्याखाली जातो आणि काही महिने तसाच राहतो, हे पंचक्रोशीतील शाळकरी पोरालाही ठाऊक होते. धरण बांधणाऱ्यांना तर ते बांधण्याआधीच ठाऊक असणार; कोणत्या पातळीला काय बुडेल, याचे गणित मांडल्यावाचून धरण उभे राहत नाही. म्हणजे माहिती गावाकडे होती, सरकारी दप्तरात होती. नव्हती ती फक्त रात्री पावणेदोनच्या सुमारास त्या वाटेने येणाऱ्या परगावच्या माणसाकडे. त्याला ती देणारा फलक किंवा अडथळा तिथे नव्हता, असे तेव्हाच्या वृत्तांत नमूद आहे.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण सुशिक्षित घरांतही तिच्याविषयी विलक्षण गोंधळ आहे. जीपीएस म्हणजे नकाशा नव्हे. निदान चार उपग्रहांचे संकेत पकडून ते यंत्र एवढेच सांगते, की तुम्ही पृथ्वीच्या पाठीवर अमुक ठिकाणी आहात. तो बिंदू ज्या नकाशावर उमटतो, तो नकाशा निराळा. तो कोणी, केव्हा, कोणत्या माहितीवरून काढला, यावर त्याची किंमत ठरते. उपग्रह अचूक आणि नकाशा आंधळा असेल, तर माणूस अगदी अचूकपणे पाण्यात जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघांचा बळी गेला, तोही याच मालिकेतला. तेथे निदान बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा तरी दाखल झाला.

अशा घटनेनंतर आपल्यातील काही मंडळी तावातावाने म्हणतात, ही परदेशी खेळणी फेकून द्या. हा स्वदेशीचा फार स्वस्त अर्थ झाला. जीपीएस ही अमेरिकी लष्कराची व्यवस्था आहे आणि २००० सालच्या मे महिन्यापर्यंत नागरी वापरासाठी तिची अचूकता मुद्दाम घटवून ठेवली जात असे. कारगिलच्या वेळी आपल्याला हवी ती माहिती नाकारली गेली, असे सांगितले जाते. त्या काळच्या अनुभवांतून भारताने जे केले ते फेकाफेकीचे नव्हते. २०१३ पासून आपले उपग्रह आकाशात जाऊ लागले, ‘नाविक’ उभे राहिले, भारत आणि भोवतालचा सुमारे १५०० किलोमीटरचा टापू त्याच्या कक्षेत आला. परदेशातून आणलेली अणुघड्याळे एकामागून एक बंद पडली, तेव्हा देशी घड्याळ घडवून २०२३ मध्ये ते एनव्हीएस-०१ सोबत पाठवले. जानेवारी २०२५ मध्ये पुढचा उपग्रह ठरल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. मार्ग खडतर आहे, पण तो आपला आहे.

परंतु उद्या संपूर्ण ‘नाविक’ आपल्या डोक्यावर फिरू लागले, तरी कोतूळचा पूल बुडाला आहे हे त्याला आकाशातून कोण सांगणार? ते अकोल्याच्या तहसील कचेरीनेच सांगितले पाहिजे. जलसंपदा खात्याकडे धरणाची पाणीपातळी रोज नोंदली जाते. सार्वजनिक बांधकाम खाते आणि जिल्हा परिषद यांच्याकडे रस्त्यांच्या याद्या आहेत. ही कागदपत्रे एकमेकांशी बोलत नाहीत. परक्या कंपनीला आपल्या ओढ्यानाल्यांची काळजी नाही, ही तक्रार खरी आहे. पण ज्यांना पगार त्याच काळजीसाठी मिळतो, त्यांचे काय? मॅपमायइंडियासारखी देशी कंपनी १९९५ पासून हेच काम करीत आहे. तिच्याही हाती सरकारने ताजी माहिती दिली नाही, तर देशी नकाशाही तितकाच आंधळा राहील.

दुसरी बाजू आपली, म्हणजे शहरी कुटुंबांची. भंडारदरा, रंधा, हरिश्चंद्रगड, काजव्यांचा मोसम… शनिवारी रात्री निघून पहाटे पायथ्याशी पोहोचायचे, वाटेत कोणाशी बोलायचे नाही. पूर्वी राजूरच्या बाजारात गाडी थांबे, काच खाली होई, ‘मामा, पूल चालू आहे का?’ असे विचारले जाई. विचारण्यात कमीपणा कधीपासून वाटू लागला, कोण जाणे! अर्थात मध्यरात्री टपरी बंद असते, मामा झोपलेले असतात. म्हणूनच तेथे फलक हवा, तोही रात्री दिव्यात चमकणारा.

हा जिल्हा आता अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो. चौंडीत जन्मलेल्या त्या राणीने देशभरच्या तीर्थमार्गांवर विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, कारण अनोळखी वाटसरूची चिंता हे तिला राज्यकर्त्याचे काम वाटे. तिचे नाव घेणाऱ्या जिल्ह्याने मुळा आणि प्रवरेच्या काठचे, धरणांच्या फुगवट्यात जाणारे सर्व पूल मोजावेत. पाणी चढण्याआधी त्यांच्या दोन्ही तोंडांना साखळी आणि फलक लागावेत, बंद रस्त्यांची यादी त्याच दिवशी नकाशा करणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे जावी, आणि ती पाठवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव फलकावर लिहिलेले असावे.