भिवापुरी मिरची, आंबट बिअर आणि आपली बिजवाई

आजची नोंद थोडी वेगळी आहे. फवारणी नाही, भाव नाही. विषय बिअरचा आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण गोष्ट आपल्या मिरचीवरच येऊन थांबते.

मागच्या महिन्यात नात्यातल्या लग्नासाठी पुण्याला गेलो होतो. जावईबापूंनी एका छोट्या ब्रुअरीत नेलं. तिथं एक आंबट बिअर चाखायला दिली. नाशिकच्या वायनरीतून आणलेल्या जुन्या लाकडी पिंपात आठ महिने मुरवलेली, त्यात आमसूल आणि वाळलेली लाल मिरची. पहिला घोट घेतला तेव्हा आंबीलच आठवली. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेवलं की सकाळी जो आंबटपणा येतो, तोच. वास मात्र गोठ्यातल्या ओल्या कुटाराचा. मंग आमसूल, आणि घोट खाली उतरल्यावर घशात हळूच मिरची. झोंबत नाही, ऊब देते. सगळ्यांना आवडंल असं पेय नाही ते. मला अर्धा पेला पुरला.

आता यातलं शास्त्र, कारण ते आपल्याच कामाचं आहे. आंबटपणा आणणारे जिवाणू लॅक्टोबॅसिलस जातीचे, म्हणजे दह्यात आणि आंबिलीत असतात त्यांचेच भाऊबंद. कुटाराचा वास ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा. लाकूड किंचित श्वास घेते, थोडी हवा आत जाते, म्हणून हे यीस्ट महिनोन्‌महिने काम करत राहते. मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. लाल रंग मात्र तेलात उतरणारा, बिअरमध्ये फारसा उतरत नाही. म्हणजे या माणसाला मिरचीचा रंग नको, चव आणि वास पाहिजे. आपण बाजारात आजवर रंगावर आणि वजनावरच मिरची विकत आलो. चवीवर पैसे देणारं गिऱ्हाईक आपण पाहिलंच नाही.

मी ब्रुअरला विचारलं, मिरची कुठली? म्हणाला, मेक्सिकोची, ग्वाहीयो. पुण्याच्या मूनशाईन मीडरीनंही मधाच्या मीडमध्ये हीच ग्वाहीयो मिरची घातली होती. मी भिवापूरचं नाव काढलं. त्यानं ऐकलं होतं. मंग त्यानं तीन प्रश्न विचारले. एकाच शेतातला माल मिळेल का? कोणत्या तोड्याचा आहे हे लिहून मिळेल का? अफ्लाटॉक्सिनचा तपासणी अहवाल मिळेल का? भाव त्यानं विचारला नाही.

इथं कोणी लगेच हुरळून जाऊ नका. मी त्याला प्रमाण विचारलं. लिटरमागे साधारण दोन ग्रॅम. म्हणजे हजार लिटरच्या टाकीला दोन किलो. माझ्या वावरात भिवापुरी मिरची एकरी चार-पाच क्विंटल वाळलेली निघते. एका एकराचा माल खपवायला अशा दोनशेच्या वर टाक्या लागतील. बिअर आपली मिरची विकत घेऊन आपल्याला तारणार नाही. हे हिशेबानं सिद्ध आहे, त्यावर वाद नको.

मग हे लिहितो कशाला? त्या तीन प्रश्नांसाठी. त्यांचं उत्तर आज आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

भिवापुरी मिरचीला 2016-17 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीलाही त्याच सुमारास. फ्लेक्स लागले, सत्कार झाले. पण आजूबाजूच्या धुऱ्यांवर फिरून पाहा. बहुतेक वावरात संकरित वाण उभा आहे. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. संकरित जास्त पिकते, मजुरी महाग झाली, चुरडा-मुरडा आला की देशी असो की संकरित, फवारणीचा खर्च सारखाच. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला परंपरा सांभाळ म्हणणं सोपं आहे. पण एक गोष्ट समजून घ्या. मानांकन नावाला मिळालं, बिजवाई मात्र आपल्या हातून चालली आहे.

असंच बेल्जियमात झालं. आंबट बिअरचं मूळ घर ते. तिथल्या लँबिक बिअरमध्ये आंबट चेरी मुरवून क्रीक नावाची बिअर करतात. त्यासाठी नावाजलेली चेरी होती ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक गावची, लहान आणि चांगली आंबट. शहर वाढलं, बागा गेल्या. बिअर टिकली, पण चेरी बहुतेक पोलंडसारख्या दुसऱ्या देशांतून येऊ लागली. युरोपीय संघानं 1997 मध्ये या बिअरच्या पद्धतीला संरक्षण दिलं. पद्धतीला दिलं, चेरीला नाही. आज तिथले काही जुने ब्रुअर लोकांच्या परसातली उरलीसुरली झाडं शोधत फिरतात. आपल्याकडे उलटं आहे. आपल्या मिरचीला कायद्याचं संरक्षण आहे, पण झाडं शोधायची वेळ येऊ घातली आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. मानांकनाचा उपयोग गिऱ्हाईक आल्यावर नाही, गिऱ्हाईक यायच्या आधी करायचा असतो. तीन कामं यंदाच करता येतात.

पहिलं, बिजवाई. मिरचीत परपरागीभवन बरंच होतं. प्रमाणित बियाण्यासाठी 200 मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी 400 मीटर विलगीकरण अंतर ठेवतात. शेजारी संकरित असेल तर दोन-तीन हंगामात आपली देशी मिरची नावापुरती देशी राहते. एकट्यानं हे जमत नाही, धुऱ्याला धुरा लागलेल्या चार-पाच जणांनी मिळून एक पट्टा ठेवावा लागतो.

दुसरं, नोंदणी. मानांकनाचं नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव लागतं. त्याची फी 2020 मध्ये 500 रुपयांवरून 10 रुपयांवर आणली आहे. दहा रुपये! चहालाही पुरत नाहीत आजकाल. आणि मानांकन दहा वर्षांसाठी असतं, पुढं नूतनीकरण करावं लागतं, हेही ध्यानात ठेवा.

तिसरं, वाळवण. उघड्या जमिनीवर पसरवलेली मिरची दवात भिजली की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन तिथूनच येतं. ताडपत्री किंवा सिमेंटचा ओटा, रात्री झाकणं, तोड्यागणिक वेगळं पोतं आणि पोत्यावर तारीख. सातऱ्यावर सगळ्यांचा माल एकत्र झाला की त्याची ओळख संपली, मग तो कितीही चांगला असो.

कोणी म्हणेल, दारूच्या गोष्टी करता. शेजारचे वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे, चंद्रपुरात 2015 ते 2021 बंदी होती. ती बंदी आपल्याच भागातल्या बायांच्या लढ्यानं आली आणि दारूनं घरं कशी बसतात हे मला कोणी सांगायला नको. पिण्याचं समर्थन मी करत नाही. ते तीन प्रश्न उद्या लोणचंवाला विचारंल, मसालेवाला विचारंल, परदेशातला व्यापारी विचारंल. बिअरवाल्यानं फक्त आधी विचारले.

भिवापूर, उमरेड, कुही भागात कोणाकडे जुनी, घरची, निदान दहा-पंधरा वर्षं न बदललेली बिजवाई असेल, तर खाली गावाचं नाव लिहा. वाण कुठून आला, तोडे किती मिळतात, चुरडा-मुरड्याला कसा टिकतो, तेही लिहा. कृषी शाखेचे जाणकार वाचत असतील तर शुद्धता कशी तपासायची ते सोप्या भाषेत सांगा. पुढची रोपं टाकायच्या आधी निदान एवढं तरी आपल्याला कळलं पाहिजे, की भिवापुरी मिरची अजून कोणाकोणाच्या वावरात खरोखर उभी आहे.